ड्रायव्हर लिहिताना कर्नलकडे काय मागायचं, आणि कधी

कर्जतहून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, मधेच पत्र्याचा आवाज आला तर चालवून घ्या.

आजचा विषय डिव्हाइस ड्रायव्हर. त्यातला एकच भाग घेणार आहे. ड्रायव्हर लिहिताना कोणती कामं आपण स्वतः करायची नसतात, ती कर्नलकडे कशी मागायची, आणि कधी मागायची. यातल्या ‘कधी’वर मी जास्त वेळ घालवणार आहे. नवीन मुलांचे ड्रायव्हर आडवे होतात ते बहुतेक वेळा तिथेच.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही हा भाग फोनवर ऐकताय. अँड्रॉइड असेल तर तुमच्या हातात लिनक्स कर्नल चालू आहे. काचेवर बोट टेकलं की टचची चिप एका तारेवर इशारा देते. तो इशारा ओळखणं, चिपला ‘बोट कुठे आहे’ विचारणं आणि ते उत्तर वरच्या अ‍ॅपला समजेल अशा रूपात देणं, हे काम ड्रायव्हरचं. स्पीकर, कॅमेरा, चार्जिंग, वायफाय, प्रत्येकाला एक. लिनक्सचा कोड आज तीन कोटी ओळींच्या पुढे गेलाय, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त भाग ड्रायव्हरच आहेत.

आता फरक बघा. अ‍ॅप चुकलं तर अ‍ॅप बंद पडतं, तुम्ही परत उघडता. ड्रायव्हर कर्नलच्या आत, कर्नलच्याच अधिकारानं चालतो. तो चुकला तर अख्खं मशीन बसतं. १९ जुलै २०२४ आठवतोय? निळे पडदे, अडकलेली विमानं, हातानं लिहिलेले बोर्डिंग पास. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये चालत होता. त्याला एक नवी माहितीची फाइल मिळाली, ती वाचताना त्यानं आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचली. बस्स, एवढंच. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख मशीनं पडली. २००१ मध्ये काही संशोधकांनी लिनक्सचा कोड तपासला होता, तेव्हा ड्रायव्हरमधलं चुकांचं प्रमाण बाकीच्या कर्नलच्या तिप्पट ते सातपट निघालं होतं. आणि ड्रायव्हर लिहिणारे काही मूर्ख नव्हते.

मग असं का होतं? माझं मत सांगतो. बरेच जण ड्रायव्हरला एक छोटा स्वतंत्र प्रोग्राम समजतात. अर्डुइनोवर शिकलेली मुलं तर हमखास. अर्डुइनोवर तुम्ही एकटेच असता. पिन तुमची, वेळ तुमचा, मेमरी तुमची. डिले टाका, लूप फिरवा, कोण विचारतंय! कर्नलमध्ये तुम्ही भरल्या घरात पाहुणे असता. तिथे नेहमीची सी लायब्ररी नाही. प्रिंटएफ नाही, मॅलॉक नाही, फाइल उघडून त्यात लिहायची पद्धत नाही. त्याऐवजी घरानं ठेवलेल्या सेवा आहेत: वेळ सांगणारी, मेमरी देणारी, वाट बघायला लावणारी, कुलूप देणारी, नंतर करायचं काम लिहून घेणारी.

कर्जतकराला हे पटकन कळेल. मुंबईहून पुण्याला जाणारी मेल-एक्स्प्रेस आपल्याकडे थांबते आणि मागून बँकर इंजिनं लागतात. पुढे बोरघाट आहे, ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर असा चढ. १८६३ पासून गाड्या तो चढतायत. मुंबईहून निघताना कोणी घाटासाठीची जादा इंजिनं सोबत घेऊन येत नाही. ती कर्जतला असतात, लोणावळ्याला सुटतात, दुसऱ्या गाडीच्या कामाला येतात. प्रत्येक गाडीनं आपापली आणली असती तर घाट कधीच तुंबला असता. (वंदे भारतला बँकर लागत नाही, माहितीये मला. कॉमेंटमध्ये लिहू नका.)

आता खरं उदाहरण घेऊ. मोठ्या कंपनीतला नाही, खालापूर तालुक्यातला.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकर समाजाची वस्ती, डोंगराच्या अंगावर, वर जायला रस्ता नाही. मशीन नेता येईना, लोकांनी हातांनी माती उपसली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. त्यानंतर आमच्या भागात बऱ्याच जणांच्या डोक्यात एक विचार आला, की आपल्या डोंगरावर नेमका किती पाऊस पडतोय हे आपल्याला कळायला पाहिजे. एक गोष्ट आधीच साफ करतो. पर्जन्यमापकानं दरड थांबत नाही, आणि पावसाच्या एका आकड्यावरून दरड कधी येणार हे सांगताही येत नाही. पण वस्ती हलवायची की नाही, हे ठरवणाऱ्या माणसासमोर एखादा आकडा असेल तर तो खरा असायला हवा, एवढं तरी आपण करू शकतो.

तर खोपोलीचा एक मुलगा, इंजिनिअरिंगला आहे, असं यंत्र बनवून माझ्याकडे आला. आतली रचना सोपी. वर फनेल, खाली सी-सॉसारखी दोन छोटी भांडी. एक भरलं की उलटतं, दुसरं खाली येतं. उलटताना चुंबक एका रीड स्विचसमोरून जातो, स्विच क्षणभर बंद होतो. एक पलटी म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. स्विच रास्पबेरी पाय झीरोच्या पिनला जोडलेला. ड्रायव्हर त्यानं स्वतः लिहिलेला.

म्हणाला, “दादा, नळाखाली धरलं तर बरोबर मोजतं. पण मधेच अख्खं मशीन बसतं. आणि कधीकधी पाऊस दुप्पट दाखवतं.”

या दोन तक्रारी नीट ऐका, कारण दोन्हीचा परिणाम वेगळा आहे. पाऊस दुप्पट दाखवणारं यंत्र दोन-तीनदा उगाच घाबरवेल आणि मग लोक त्याच्याकडे बघणं सोडतील. बसलेलं यंत्र गप्प राहील, आणि लांबून बघणाऱ्याला वाटेल की पाऊसच नाही. दुसरं जास्त वाईट.

त्याचा कोड उघडला. पहिल्या आवृत्तीत एक लूप होता, सतत पिन वाचणारा. आकडा बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा पाऊस या यंत्रात पडला तरी ४,७२० पलट्या होतात. सरासरी १८ सेकंदांत एक! आणि त्यासाठी प्रोसेसर सेकंदाला लाखो वेळा ‘आली का, आली का’ विचारत बसणार. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात ही चैन परवडत नाही. त्यानं ते स्वतःच ओळखलं आणि दुसऱ्या आवृत्तीत इंटरप्ट घेतला. म्हणजे कर्नलला सांगून ठेवायचं की या तारेवर इशारा आला तर माझं हे फंक्शन बोलव, तोवर माझा विचार करू नकोस. ही पहिली सेवा, नाव रिक्वेस्ट आयआरक्यू. इथपर्यंत छान.

गडबड त्या फंक्शनच्या आत होती. स्विच बंद होताना त्याची पट्टी काही मिलिसेकंद थरथरते, त्यामुळे एका पलटीला तीन-चार इशारे येतात. याला आपण बाउन्स म्हणतो. अर्डुइनोवर यावर उपाय काय? पन्नास मिलिसेकंद थांबा आणि परत बघा. त्यानं तेच केलं. इंटरप्टच्या हँडलरमध्ये एमस्लीप ५० लिहिलं. आणि कर्नलनं लॉगमध्ये ओरडून सांगितलं: बग, शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक.

इथे थांबतो जरा. आजच्या भागाचा गाभा हाच आहे.

कर्जत स्टेशनवर गाडी थांबलीये, बँकर लागतायत. खिडकीशी दिवाडकरांचा वडा आलाय. तुमच्याकडे किती वेळ आहे? दोन-तीन मिनिटं. त्यात काय करायचं? पैसे द्यायचे, कागदातला वडा हातात घ्यायचा. खायचा कधी? गाडी सुटल्यावर, घाटात, निवांत. फलाटावर उतरून बाकावर बसून मिरची मागत बसलात तर गाडी जाईल. आणि तिथेच डुलकी लागली तर? बोलायलाच नको.

इंटरप्ट हँडलर म्हणजे ती दोन मिनिटं. प्रोसेसर दुसरंच काहीतरी काम करत होता, त्याला मधेच थांबवून तुम्हाला बोलावलंय. ज्याचं काम थांबलं त्याचा तुमच्याशी काही संबंध नाही. झोप म्हणजे काय? ‘मला बाजूला ठेव, दुसऱ्याला चालव, वेळ झाली की मला उठव.’ पण हँडलरला स्वतःची अशी ओळखच नसते. तो कुठली प्रोसेस नाही, थ्रेड नाही. शेड्युलर बाजूला कोणाला ठेवणार आणि नंतर उठवणार कोणाला? म्हणून तिथे झोप नाही. यात कर्नलचा खडूसपणा काही नाही, जे करायला सांगताय ते करताच येत नाही.

आणि झोप नेहमी ‘स्लीप’ या नावानं येत नाही, पंचाईत ती आहे. म्युटेक्स मागितलं आणि ते दुसऱ्याकडे असलं तर झोप. जीएफपी कर्नल हा झेंडा लावून मेमरी मागितली आणि शिल्लक कमी असली तर कर्नल मेमरी मोकळी करेपर्यंत झोप. कॉपी टू युजर केलं आणि समोरच्या प्रोग्रामचं पान अजून मेमरीत नसलं तर ते येईपर्यंत झोप. आय-टू-सीच्या तारेवरून चिपला काही विचारलं, उत्तर येईपर्यंत झोप. यातली बरीच फंक्शनं रोजच्या चाचणीत झोपतच नाहीत! कुलूप मोकळं असतं, मेमरी भरपूर असते. ती झोपतात गर्दीच्या वेळी. म्हणजे तुमच्या टेबलावर सगळं हिरवं, आणि डोंगरावर भर पावसात रात्री दोनला मशीन आडवं.

म्हणून कर्नलच्या कुठल्याही सेवेबद्दल पहिला प्रश्न हा विचारायचा: ही झोपू शकते का? आणि मी आत्ता जिथे उभा आहे तिथे झोप चालते का?

मुलगा हुशार होता. एमस्लीप चालत नाही म्हटल्यावर त्यानं एमडिले लावलं. हे झोपत नाही, जागच्या जागी गोल फिरत राहतं. लॉगमधली ओरड थांबली. पण पाय झीरोला एकच कोअर आहे. तो पन्नास मिलिसेकंद हँडलरमध्ये अडकला की तेवढा वेळ नेटवर्कचं पॅकेट, एसडी कार्ड, बाकीचे इंटरप्ट, सगळे दाराशी उभे. तक्रार मिटली नाही, फक्त दिसेनाशी झाली. माझ्या मते हे पहिल्यापेक्षा वाईट. पहिल्यात निदान कर्नल बोलत तरी होता.

बरोबर रचना वड्याचीच. हँडलरमध्ये फक्त वडा हातात घ्यायचा: वेळेचा ठसा घ्या, नोंद करा, बाहेर पडा. बाकीचं नंतर. ‘नंतर’साठी कर्नलकडे दोन चांगल्या सोयी आहेत. एक, थ्रेडेड इंटरप्ट. हँडलर ‘माझा थ्रेड उठवा’ एवढंच सांगून परत जातो, मग कर्नल तुमचं दुसरं फंक्शन एका खऱ्या थ्रेडमध्ये चालवतो, तिथे झोपायला परवानगी आहे. तुमच्या फोनचे टच ड्रायव्हर साधारण असेच असतात. चिपशी बोलायला आय-टू-सी लागतं, ते झोपतं, म्हणून ते काम थ्रेडमध्ये. दुसरी सोय वर्कक्यू. ‘हे काम अमुक मिलिसेकंदांनी कर’ अशी चिठ्ठी टाकायची आणि मोकळं व्हायचं.

बाउन्ससाठी आम्ही काय केलं? आधी जीपीआयओ सेवेलाच विचारलं की डिबाउन्स तू करशील का. काही चिपमध्ये ती सोय हार्डवेअरमध्येच असते. नसेल तर नकार येतो. आम्हाला नकार आला. मग साधी तुलना लिहिली: मागच्या मोजलेल्या पलटीपासून पन्नास मिलिसेकंद झाले नसतील तर हा इशारा सोडून दे. थांबायचं नाही, फक्त घड्याळ बघायचं. ताशी १०० मिलिमीटरच्या पावसातसुद्धा दोन पलट्यांमध्ये सात सेकंद असतात, त्यामुळे पन्नास मिलिसेकंदांत खरी पलटी हुकायची भीती नाही. पाऊस दुप्पट दाखवणं बंद झालं.

आता ‘घड्याळ बघायचं’ म्हणजे कुठलं घड्याळ? कर्नलकडे एकापेक्षा जास्त आहेत. भिंतीवरची वेळ सांगणारं एक, आणि मशीन सुरू झाल्यापासून फक्त पुढेच जाणारं दुसरं, त्याला मोनोटोनिक म्हणतात. पाय झीरोमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. आमच्याकडे पावसात वीज जाते, हे सांगायला नको. वीज आली, मशीन उठलं, त्याला वाटतं अजून काल संध्याकाळच आहे. मग नेटवर्क मिळतं आणि वेळ एकदम कित्येक तास उडी मारते. भिंतीवरच्या घड्याळानं अंतर मोजत असाल तर तुमच्या हिशोबात दोन पलट्यांमध्ये सात तास जातात. अंतर मोजायला कायम मोनोटोनिक, केटाइम गेट. तारीख-वेळ माणसांना दाखवायला, ती वरच्या प्रोग्रामला लावू दे.

वेळेबद्दल अजून एक छोटी गंमत. एमस्लीप १ म्हणजे एक मिलिसेकंद झोप असं वाटतं ना? टिक १० मिलिसेकंदांचा असेल तर ती २० पर्यंत जाऊ शकते. एखाद्या चिपला मोजून-मापून छोटी विश्रांती द्यायची असेल तर युस्लीप रेंज वापरा, किमान आणि कमाल दोन्ही सांगता येतात. पण तीही झोपच, हँडलरमध्ये नको.

पुढे कुलूप. हँडलर दोन गोष्टी बदलतो: एकूण पलट्या आणि शेवटच्या पलटीची वेळ. वाचणारा प्रोग्राम नेमका दोन्हींच्या मधे आला तर त्याला नवा आकडा आणि जुनी वेळ मिळेल. म्हणून कुलूप हवं. म्युटेक्स हँडलरमध्ये चालत नाही, ते झोपतं. मग स्पिनलॉक. त्यातही एक खाच आहे. वाचणाऱ्यानं साधा स्पिनलॉक घेतला आणि त्याच कोअरवर इंटरप्ट आला तर? हँडलर कुलूप सुटायची वाट बघत फिरत राहणार, आणि ज्याच्याकडे कुलूप आहे तो हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकणार नाही. दोघंही कायमचे अडकले. म्हणून वाचणाऱ्यानं स्पिन लॉक आयआरक्यू सेव्ह घ्यायचं, म्हणजे कुलूप हातात असेपर्यंत त्या कोअरवर इंटरप्ट येत नाही. कुलपाच्या आत दोन-चार ओळीच ठेवा. आकडे स्थानिक व्हेरिएबलमध्ये उतरवा, कुलूप सोडा, मगच कॉपी टू युजर.

आता ‘मशीन बसतं’ ही पहिली तक्रार. तिचं मूळ हँडलरमध्येच होतं. तो प्रत्येक पलटीला नवीन मेमरी मागत होता, जीएफपी कर्नल लावून. झोपू शकणारी मागणी, झोपायला बंदी असलेल्या जागी. तिथे मागायचीच असेल तर जीएफपी अ‍ॅटॉमिक आहे. ते झोपत नाही, पण ‘नाही’ पटकन म्हणतं, आणि त्या नकाराची तयारी तुम्ही ठेवायची. त्यापेक्षा सुरुवातीलाच एक ठरावीक आकाराची रांग घेऊन ठेवली की प्रश्न मिटतो. कर्नलमध्ये केफिफो नावाची तयार आहे. नोंदी रांगेत टाकायच्या आणि वेकअप करायचं. वाचणारा प्रोग्राम वेटक्यूवर झोपलेला असतो, तो उठतो, नोंदी नेतो, फाइलमध्ये लिहितो, फोर-जी डोंगलवरून पाठवतो. ड्रायव्हरनं फाइलला हात लावायचा नाही. हा मुलगा कर्नलमधूनच लॉग फाइल लिहायच्या बेतात होता. मी म्हटलं, वडा विकणाऱ्यानं गाडी चालवायला जाऊ नये.

शेवटी आवराआवर. प्रोबमध्ये सहा गोष्टी मागितल्या आणि चौथी मिळाली नाही तर आधीच्या तीन परत करायच्या, उलट्या क्रमानं. हातानं लिहिलं की त्यात हमखास काहीतरी राहतं. डेव्ह-एम नावाच्या सेवा वापरा. मागितलेलं सगळं त्या डिव्हाइसच्या नावावर लिहिलं जातं आणि डिव्हाइस सुटताना कर्नल उलट्या क्रमानं परत घेतो. क्रमाचं भान मात्र तुम्हीच ठेवायचं. इंटरप्ट सगळ्यात शेवटी मागा. तो मागितल्याच्या पुढच्याच क्षणी येऊ शकतो, तेव्हा रांग आणि कुलूप तयार असायला हवं. शेवटी मागितलेला इंटरप्ट सुटतोही सगळ्यात आधी, मग रांग जाते. उलट झालं तर गेलेल्या रांगेत नोंद टाकायला हँडलर येतो, आणि तिथून पुढे काय होईल ते कोणी सांगू शकत नाही.

पर्जन्यमापकात न आलेली एक गोष्ट राहिली: वाटून घ्यायच्या वस्तू. कर्जत तालुक्यातल्या लोकांना राजनाला माहीत आहे. भिवपुरीचं टाटांचं वीजघर १९२२ चं. वीज करून बाहेर पडलेलं पाणी राजनाल्यात येतं आणि त्यावर आपल्याकडे उन्हाळी भात होतो. तुमचं शेत भिजलं म्हणून तुम्ही नाल्याचं मुख्य दार बंद करता का? खाली दुसरे आहेत. तुम्ही फक्त ‘माझं झालं’ म्हणायचं. बोर्डवर एकच वीजपुरवठा तीन चिपना जात असतो, एकच क्लॉक चार जणांना. काही ड्रायव्हर थेट पॉवर चिपच्या रजिस्टरमध्ये शून्य लिहून पुरवठा बंद करतात. स्वतःची बॅटरी वाचली, शेजारचा सेन्सर मेला. कर्नलच्या रेग्युलेटर आणि क्लॉक सेवा मोजणी ठेवतात. प्रत्येक जण ‘हवं’ आणि ‘झालं’ एवढंच सांगतो, शेवटच्याचं झालं की दार बंद. इथेही ‘कधी’ आहेच: क्लॉकचं प्रिपेअर झोपू शकतं, एनेबल झोपत नाही. म्हणून तर एकाच कामाची दोन फंक्शनं आहेत.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं एका स्विचसाठी? खरं सांगू का, मी त्या मुलाला शेवटी हेच सांगितलं की तुझा ड्रायव्हर काढून टाक. लिनक्स ५.१० पासून जीपीआयओच्या नव्या इंटरफेसमध्ये वरच्या साध्या प्रोग्रामला पिनवरचे इशारे मिळतात. प्रत्येकावर कर्नलनं लावलेला वेळेचा ठसा असतो, क्रमांक असतो, त्यामुळे मधलं काही हुकलं तर कळतं. आणि हार्डवेअरमध्ये डिबाउन्स नसेल तर कर्नल तोही स्वतः करतो. ड्रायव्हरसाठी जो नकार आम्हाला आला होता ते काम इथे आयतं मिळतं. नवीन ड्रायव्हर लिहायच्या आधी बघायचंच, की असलेली सेवा वरून वापरता येते का.

तो थोडा नाराज झाला. साहजिक आहे, तीन आठवडे घालवले होते. पण त्यानं स्वतःचा ड्रायव्हर ठेवला शिकायला, आणि डोंगरावर जाणाऱ्या यंत्रात कर्नलची सोय लावली. मला ते आवडलं.

तुम्हाला हात घालून बघायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. कर्नल स्वतः बिल्ड करा आणि त्यात डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप आणि प्रूव्ह लॉकिंग हे दोन पर्याय चालू ठेवा. पहिला चालू असला की झोपू शकणारं फंक्शन चुकीच्या जागी बोलावल्यावर ते त्या वेळी झोपलं नाही तरी कर्नल ओरडतो. म्हणजे रात्री दोनची चूक दुपारी टेबलावर सापडते. दुसरा कुलपांचा तसाच हिशोब ठेवतो. मशीन हळू होतं, शिकताना होऊ द्या. मग प्रॉक इंटरप्ट्स ही फाइल उघडा, कुठल्या तारेवर किती इशारे आले ते आकड्यात दिसतं. स्विच एकदा दाबा आणि आकडा चारनं वाढलेला बघा, बाउन्स म्हणजे काय ते परत विचारावं लागणार नाही.

आणि जुन्या ब्लॉगवरचा कोड जसाच्या तसा उचलू नका. कर्नलच्या आतल्या सेवांची रूपं बदलत राहतात, ४.१५ मध्ये टायमरच्या फंक्शनचं रूपच बदललं. त्यापेक्षा कर्नलच्या सोर्समध्येच जीपीआयओ कीज नावाचा ड्रायव्हर आहे, साध्या बटणांचा. तो वाचा. आज सांगितलेलं बरंचसं त्यात एका फाइलमध्ये दिसेल.

जाता जाता, गप्प यंत्राचं काय केलं ते राहिलं. दोन गोष्टी केल्या. पाऊस असो-नसो, दर दहा मिनिटांनी आकडा पाठवायचा, शून्य असला तरी. आकडा आला नाही तर बघणाऱ्याला ‘पाऊस नाही’ असं दाखवायचं नाही, ‘यंत्र बंद’ असं दाखवायचं. दुसरी म्हणजे कर्नलची वॉचडॉग सेवा. प्रोग्रामनं ठरावीक वेळात थाप मारली नाही तर हार्डवेअर बोर्ड रीसेट करतं, पायवर ती मुदत जास्तीत जास्त सुमारे १५ सेकंदांची असते. थाप मारायची ओळ त्यानं आधी वेगळ्या थ्रेडमध्ये टाकली होती. मुख्य काम अडकलं तरी थाप चालूच राहिली असती. ती उचलून आकडा वाचणाऱ्या लूपमध्ये आणली.

पुढच्या भागात डीएमए घेऊ. तोवर प्रश्न पाठवा, व्हॉइस नोट चालेल.